सिद्रतुल मुंतहा : 'पवित्र वृक्ष' की 'सीमेवरची बोर'?

प्रश्न : मेराजच्या (पैगंबरांच्या स्वर्गारोहणाच्या) वर्णनात 'सिद्रतुल मुंतहा' येतं. मराठीत कुणी 'पवित्र वृक्ष' लिहितं, कुणी सरळ 'कल्पवृक्ष'. नेमकं काय लिहावं? आणि 'सिद्रा' बरोबर की 'सिद्रत'?

प्रतिसाद : दोन्ही बरोबर. 'सिद्र' म्हणजे बोर ही जात, 'सिद्रा' म्हणजे त्यातलं एक झाड. शेवटचा 'त' एरवी मुका, पण पुढे 'अल-मुंतहा' जोडलं की उच्चारात येतो. कुराणात (५३:१४) आधी 'इन्द' (जवळ) आहे, म्हणून तिथे विभक्ती बदलून 'सिद्रतिल' वाचतात.

'मुंतहा' म्हणजे जिथे संपतं ती जागा. आपल्या ओळखीचा 'इंतेहा' याच धातूतला. 'सहीह मुस्लिम' या संग्रहातल्या हदीसमध्ये (पैगंबरांविषयीच्या कथनात) अर्थ उलगडलाय : जमिनीवरून वर जाणारं तिथवरच पोचतं आणि वरून उतरणारंही तिथेच थांबतं. इच्छा पुरवण्याचा संबंधच नाही, तेव्हा 'कल्पवृक्ष' बाद.

प्रतिसाद : 'पवित्र वृक्ष'ही जपूनच. मराठीत तो शब्द आला की पाठोपाठ पूजा नि प्रदक्षिणा येते. 'ज़ात अनवात' नावाच्या झाडाला अनेकेश्वरवादी शस्त्रं टांगत. हुनैनच्या लढाईला जाताना वाटेवर काही नवमुस्लिमांनी आपल्यालाही तसं झाड मागितलं, तेव्हा पैगंबरांनी कडक शब्दांत नकार दिला. शिवाय 'सिद्र' हा शब्द दर वेळी गौरवाचाच असतो असंही नाही. ५६:२८ मध्ये स्वर्गातली बिनकाट्याची बोर आहे, तर ३४:१६ मध्ये सबा या प्राचीन राज्याच्या बागा पुरात गेल्यावर कडू फळांच्या झाडांसोबत उरलेल्या थोड्याशा बोरी.

प्रतिसाद : रोजच्या वापरात 'सिद्र' सापडतो तो मय्यतीच्या गुसलमध्ये, म्हणजे मृतदेहाला घालायच्या आंघोळीत. सुकलेल्या पानांची पूड पाण्यात घुसळली की फेस येतो. डोकं नि दाढी फक्त फेसाने धुतात, कारण गाळ केसांत अडकून बसतो. बाकीचं पाणी अंगाला. धुणं विषम वेळा, तीन किंवा पाच, गरज पडली तर जास्त. कापूर शेवटच्या पाण्यात. इहराममध्ये (हज-उमऱ्यासाठी धारण केलेल्या अवस्थेत) मृत्यू आला असेल तर सिद्र चालतं, पण सुगंध वर्ज्य, म्हणून कापूर घालत नाहीत. इथे भाषांतरात 'पवित्र पानं' लिहिणं म्हणजे साबणाला प्रसाद म्हणणं. सरळ 'बोरीचा पाला' लिहा. अरबस्तानातली बोर आपल्या बोरीहून वेगळी, पण कूळ एकच.

प्रश्न : पण 'बोर' म्हटलं की वाचकाला फळच आठवणार ना?

प्रतिसाद : लिंग सांभाळा. झाड ती बोर, फळ ते बोर. 'सीमेवरची बोर' म्हटलं की झाडच उभं राहतं, 'सीमेवरचं बोर' लिहिलंत तर फळ हातात येईल. आणि हदीसमध्ये त्या झाडाची फळं हजर नावाच्या ठिकाणच्या रांजणांएवढी नि पानं हत्तीच्या कानांएवढी आहेत, तेव्हा ते हातात मावायचंही नाही.