विषय: नाताळच्या जेवणाचा हॅम स्मोकरवर गरम करायचाय

नमस्कार मंडळी,
२५ तारखेच्या जेवणाला हॅम (डुकराची खारवलेली मांडी) माझ्याकडे आहे. १० पौंडांचा, हाडासकट, स्पायरल कापलेला, म्हणजे हाडाभोवती गोल गोल पातळ कापलेला. वेष्टनावर 'फुल्ली कुक्ड' लिहिलंय. ओव्हन रिकामा नसणार, म्हणून स्मोकरवर, म्हणजे लाकडाच्या धुरावर मंद शिजवायच्या भट्टीत, ठेवेन म्हणते. कोरडा पडू नये म्हणून काय करता? जेवण सातला आहे.

---

ताई,
वेष्टन वाचलंत ते फार बरं केलंत. हा हॅम शिजलेलाच आहे, आपल्याला तो फक्त आतपर्यंत गरम करायचाय. लोक ब्रिस्केटसारखा (गाईच्या छातीचं कच्चं मांस) तासन्‌तास उघडा ठेवतात आणि मग तो चिवट होतो. स्पायरलच्या तर फोडी आधीच सुटलेल्या, प्रत्येक फटीतून ओलावा जातो. पुढच्या वर्षी न कापलेला घ्या, असं मी आग्रहाने सांगेन.

स्मोकर २५० फॅरनहाइटवर स्थिर होऊ द्या. हाडाच्या टोकाला प्लास्टिकची चकती असेल तर ती आठवणीने काढा. कापलेली बाजू खाली करून ट्रेमध्ये ठेवा, तळाला कपभर सफरचंदाचा रस. पहिला अर्धा तास उघडा, म्हणजे थोडा धूर लागेल. लाकूड सफरचंदाचं किंवा चेरीचं. मग फॉइलने घट्ट झाका आणि उगाच उघडून बघू नका. थर्मामीटर जाड भागात, हाडाला न टेकवता खोचा. १३० झाले की फॉइल काढून ग्लेझ, म्हणजे वरचा गोड लेप, लावा (आधी लावलं तर सगळं ट्रेत उतरतं) आणि १४० ला खाली घ्या. कारखान्यात बंद केलेल्या शिजलेल्या हॅमसाठी यूएसडीएचाही (अमेरिकेचं कृषी खातं) आकडा हाच आहे. पौंडामागे १५ ते २० मिनिटं धरा. साडेतीनच्या आत चढवा.

---

दोघांनाही नमस्कार,
दादांनी सांगितलंय तसंच कर गं. ग्लेझला मी ब्राउन शुगरऐवजी गूळ घेते, त्यात मस्टर्ड, संत्र्याचा रस आणि लवंगेची चिमूटभर पूड. चिकीचा गूळ नको, साधाच घे.

शाकाहारी मंडळी बरीच आहेत, तेव्हा हॅमचं टेबल, सुरी, चिमटे वेगळे ठेवूया. टेबल मी आणते. उरलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ दे आणि तीन-चार दिवसांत संपव. ते परत गरम करताना मात्र १६५ पर्यंत न्यायचं. हाड टाकू नकोस, वाटाण्याच्या डाळीच्या सूपसाठी मी घेऊन जाईन.