लिनक्स येतं ना, मग सोलारिस-बीएसडी कशाला?

रात्रपाळी: काल एकाने इथे लिहिलं, "विद्यार्थ्यांनी उबुंटू लिनक्स टाकावं नि नोकरीला लागावं, सोलारिस-बीएसडीसारख्या बाकीच्या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिम चाळणं हा रिकामटेकडेपणा." डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. 2001 साली डिप्लोमाला असताना माझ्या एकाच डिस्कवर सोलारिस 8 आणि फ्रीबीएसडी होतं. वर मासिकासोबत आलेलं लिनक्स टाकायला गेलो, तर त्याच्या इन्स्टॉलरने सोलारिसचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा भाग, लिनक्सची स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची जागा) समजून पुसून टाकलं. दोघांचाही पार्टिशन आयडी, म्हणजे प्रकार सांगणारा आकडा, 82! पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची यादी) त्या रात्री कळलं, पुस्तकातून नव्हे.

पगारदार: डिस्क पुसली गेली याला शिक्षण म्हणता? 2010 मध्ये सोलारिस बनवणारी सन कंपनी ओरॅकलने घेतली आणि सोलारिसची खुली आवृत्ती, ओपनसोलारिस, गुंडाळली. पोरांनी काय मढी उकरायची?

रात्रपाळी: मढी? झेडएफएस ही फाइल सिस्टिम आणि चालू सिस्टिमच्या आत डोकावणारं डीट्रेस सोलारिसमध्येच जन्मले. 2008 च्या फ्रीबीएसडी 7.0 मध्ये झेडएफएस होतं. आधी माहिती घ्या, मग बोला.

लॅबवाली: तुमचं भांडण घरी पीसी असणाऱ्यांचं. आमच्या कॉलेजात एससीओ युनिक्सचा एक सर्व्हर आणि त्याला जोडलेले टर्मिनल. रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड फक्त सरांकडे. तीन वर्षं एलएस, कॅट, ग्रेप या साध्या कमांड घोकल्या. डिस्क जोडायची माउंट कमांड कधी चालवून पाहिली नाही, आणि तोंडी परीक्षेत प्रश्न माउंटवरच!

पगारदार: ताई, पोरांना रूट दिलं असतं तर रोज सर्व्हर झोपला असता.

लॅबवाली: झोपू द्यायचा! लॅब असते कशासाठी? एखादा जुना 486 पीसी मोकळा सोडायचा, पोरांनी मोडावा, परत उभा करावा. आमच्याकडे मशीनला कव्हर घालून जपायचे. माझ्यासारख्या किती मुली कमांड पाठ करून पास झाल्या आणि कामावर पहिल्याच दिवशी हात थरथरले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

रात्रपाळी: ताईंचं शंभर टक्के पटलं. फुकटच्या युनिक्सने रूट घरी आणून दिलं, माझ्या लेखी हीच मोठी गोष्ट.

पगारदार: सांगणार नव्हतो, पण सांगतो. पहिल्या नोकरीत सोलारिसच्या मशीनवर रूट होऊन किलऑल ही प्रोसेस (चालू प्रोग्राम) बंद करणारी कमांड मारली. लिनक्सवर दिलेल्या नावाचीच प्रोसेस मरते, तिथे सगळ्याच मेल्या. ऐन महिनाअखेरीला. आधी कुठे हात मारला असता तर मॅन पान (कमांडची माहिती देणारं पान) उघडलं असतं, एवढं मान्य. पण तिन्ही टाकत बसा, हे अजूनही पटत नाही. एक लिनक्स, एक बीएसडी, पुरे.

लॅबवाली: आणि रूट?

पगारदार: द्या. वेगळ्या मशीनवर.