मदत हवी आहे : घरी ओतलेल्या शिशाच्या छर्ऱ्यांना शेपट्या येतात

रानसोबती :
नमस्कार. मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो आणि खारी व ससे यांच्या हंगामासाठी घरीच शिशाचे छर्रे तयार करण्याचा प्रयत्न गेले तीन आठवडे करीत आहे. परवाना, हंगाम, बंदूक यांबाबत काहीच अडचण नाही. अडचण फक्त आकाराची आहे. भांड्याच्या तळाला बारीक भोकांच्या तोट्या आहेत, त्यांतून शिसे थेंबाथेंबाने तिरक्या पट्टीवर पडते आणि घरंगळत खालच्या पाण्यात जाते. मला सहा नंबरचे, म्हणजे ०.११ इंच व्यासाचे छर्रे हवे आहेत. मिळतात ते शेपटीचे, आणि उरलेले चपटे. तोट्या दोनदा बदलल्या, आचही वाढवून पाहिली. सप्टेंबरच्या मध्यावर हंगाम सुरू होईल, तेव्हा नेमके काय चुकते आहे तेवढेच कृपया लवकर सांगावे.

ओतशाळा :
आपण जे सांगितले नाही त्यातच उत्तर असावे. शिसे कोठून आणले? त्याचे तापमान किती असते? पट्टीचे टोक पाण्यापासून किती उंच आहे? पाणी थंड आहे की गरम, आणि त्यात आणखी काही घातले आहे का?

हिशेबी :
माझा सरळ सल्ला असा की दुकानातून पंचवीस पौंडांची तयार पिशवी आणावी. भांडे, इंधन आणि तीन आठवड्यांचा वेळ यांचा हिशेब मांडला, तर घरचा छर्रा स्वस्त पडत नाही.

रानसोबती :
विकत कोठे मिळतात हे मला ठाऊक आहे. मी तो प्रश्न विचारलेला नाही. शिसे म्हणजे शिसे, एका जुन्या घराच्या छतावरून काढलेल्या पत्र्याचे, अगदी मऊ आणि शुद्ध. तापमापक नाही, शिसे पातळ झाले की काम सुरू करतो. पट्टी पाण्यापासून वीतभर उंच आहे. पाणी नळाचे, थंड. बिघडलेले छर्रे गाळणीने काढून लगेच पुन्हा भांड्यात टाकतो, त्यामुळे काही वाया जात नाही. आता तरी सांगावे.

ओतशाळा :
आकाराचे नंतर पाहू. ओले छर्रे वितळलेल्या शिशात टाकणे आजच्या आज थांबवा. शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. त्याच्या पृष्ठभागाखाली गेलेल्या पाण्याच्या थेंबाची क्षणात वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा मागते. ती जागा मिळवताना ती भांड्यातले शिसे तोंडावर उडवते. आतापर्यंत काही झाले नाही, कारण ओले छर्रे वरच्या कीटावर, म्हणजे शिशावर तरंगणाऱ्या मळीवर, पडून आधी वाळत असावेत. पण एखादा थेट आत गेला, तर डोळे जातील. पूर्ण चेहरा झाकणारे आवरण, जाड हातमोजे आणि बंद बूट यांशिवाय भांड्याजवळ उभे राहू नका, आणि पाण्याची बादली भांड्याच्या पातळीपेक्षा वर कधीही ठेवू नका.

कारखानदार :
कोल्हापूरला आमचा ओतकामाचा कारखाना होता, त्या अनुभवावरून सांगतो की शुद्ध शिशाचा छर्रा गोल होत नाही. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतल्या पट्ट्या वितळवाव्यात. ते शिसे कडक असते आणि भंगारात सहज मिळते.

ओतशाळा :
कारखानदार, पहिल्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु दुसरा सल्ला धोक्याचा आहे आणि तो या धाग्यात तसाच राहू नये. बॅटरीत आम्ल असते. शिवाय हल्लीच्या पट्ट्यांत कॅल्शियम असते. ते आर्सेनिक किंवा अँटिमनी नावाचा धातू असलेल्या शिशाशी मिसळले आणि त्याच्या कीटाला नंतर ओल लागली, तर अत्यंत विषारी वायू निघू शकतो. घरी ओतकाम करणाऱ्याने बॅटरीला हात लावू नये.

कारखानदार :
आम्ही वर्षानुवर्षे तेच केले, पण आमच्याकडे उंच धुराडे आणि उघडे पटांगण होते हे मान्य करतो. घरासाठी सुचवायला नको होते.

इतिहासप्रेमी :
रानसोबती विस्कॉन्सिनमध्येच आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो. स्प्रिंग ग्रीनजवळच्या टॉवर हिल या राज्य उद्यानात १८३०च्या दशकातली छर्ऱ्यांची जागा आजही पाहता येते. तेथे खडकात १२० फूट खोल उभे विवर खोदले आहे. वरून शिसे चाळणीतून सोडायचे, पडता पडता पृष्ठताणामुळे थेंब गोल व्हायचा, थिजू लागायचा आणि तळाच्या पाण्यात थंड व्हायचा. ही युक्ती ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सची. त्याने १७८२ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि आपल्या राहत्या घरावरच मनोरा चढवला. ते घर १९६८ मध्ये रस्तारुंदीकरणात पाडले गेले, याचे मला फार वाईट वाटते.

रानसोबती :
म्हणजे मी उंची वाढवायला हवी का? गॅरेजच्या माळ्यावरून बारा फूट मिळतील.

ओतशाळा :
नाही, उंची कमी करायला हवी. मनोऱ्यात थेंब हवेतच थिजू लागतो, म्हणून तेथे खूप उंची लागते. बारा फुटांत तो द्रवच राहील आणि पाण्यावर आपटून आणखी चपटा होईल. दुसरी रीत याच्या अगदी उलट आहे. लॉस एंजेलिसच्या लुई ब्लिमाइस्टरने १९६१ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत थेंब गरम द्रवात सुमारे इंचभरच पडतो, उतारावरून घरंगळतो आणि मग द्रवातच आणखी तीन फूट खाली जातो. आपले यंत्र या दुसऱ्या घराण्यातले आहे. वीतभर उंची दोन्ही पद्धतींत बसत नाही.

अन्नपूर्णा :
मी शिकार करीत नाही, पण बुंदी पाडते, आणि हे वर्णन वाचून मला तीच आठवली. पीठ सैल झाले किंवा झारा तेलापासून उंच धरला, की बुंदीला शेपटी येते. झारा खाली आणला आणि पीठ जमले, की दाणा गोल होतो. येथे पीठ म्हणजे शिसे असावे.

ओतशाळा :
ताई, तुलना अगदी नेमकी आहे. पीठाकडेच येतो. कारखान्यात शिशात थोडे आर्सेनिक असते, त्यामुळे थेंब नीट गोल होतो; अँटिमनीमुळे छर्रा कडक होतो. घरी आर्सेनिक वेगळे मिसळण्याचा विचारही करू नये. मोटारीच्या चाकाचा तोल राखण्यासाठी त्याच्या कडेला चिमट्यासारख्या पकडीने अडकवलेली जुनी शिशाची वजने घ्यावीत. त्यांत अँटिमनी असतेच आणि किंचित आर्सेनिकही असते. चिकटवायची वजने मात्र बहुधा मऊ शिशाची असतात. जस्ताची आणि लोखंडाची वजने आधी निवडून बाजूला काढा. जस्त ४१९ अंशांना वितळते, म्हणून वजने पहिल्यांदा वितळवताना तापमान ४०० अंशांच्या खाली ठेवले, तर नजरेतून सुटलेले जस्त वर तरंगते आणि झाऱ्याने काढता येते. ते शिशात मिसळले, तर सगळे भांडे बिघडते. तापमापक आजच घ्यावा. पाणी गरम ठेवा, त्यात भांडी धुण्याचा द्रव साबण घाला आणि पट्टीचे टोक पाण्यापासून अर्ध्या इंचावर आणा.

कायदाजागर :
एक महत्त्वाची गोष्ट कोणीच सांगितलेली नाही. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे आणि १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे.

रानसोबती :
माहिती योग्य आहे, पण मी विस्कॉन्सिनमध्ये आहे हे पहिल्याच ओळीत लिहिले होते.

पाणपक्षी :
तेथेही सगळीकडे शिसे चालत नाही. बदके आणि हंस यांच्या शिकारीसाठी अमेरिकेत १९९१ पासून देशभर शिशाच्या छर्ऱ्यांना बंदी आहे, कारण चारा टिपताना पक्षी ते गिळतात आणि मरतात. गरुडही जखमी शिकार खाऊन विषबाधेने मरतात. मी तर खारीसाठीही पोलादी छर्राच वापरावा असे म्हणेन.

हिशेबी :
जुन्या, अरुंद तोंडाच्या नळीत पोलादी छर्रा घातला, तर नळी खराब होऊ शकते. आधी बंदूक कोणती ते विचारायला हवे होते.

पाणपक्षी :
हे मान्य आहे. मग निदान शिकार साफ करताना छर्रे लागलेले मांस कापून टाकावे आणि आतडी रानात उघडी टाकू नयेत, एवढे तरी रानसोबतींनी पाळावे.

बालरोग :
मी डॉक्टर आहे आणि माझा प्रश्न वेगळा आहे. हे काम कोठे चालते, आणि घरात लहान मूल आहे का?

रानसोबती :
तळघरात. मुलगा चार वर्षांचा आहे, पण तो भांड्याजवळ येत नाही.

बालरोग :
त्याला भांड्याजवळ यावे लागत नाही. कीटाची भुकटी आपल्या कपड्यांवरून आणि बुटांवरून वरच्या मजल्यावर जाते, आणि चार वर्षांचे मूल जमिनीवर खेळून हात तोंडात घालते. अमेरिकेत २०२१ पासून मुलांच्या रक्तात प्रति डेसिलिटर ३.५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले, तरी पुढील तपासणी करावी असे मानतात, आणि सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही. काम उघड्यावर न्यावे, कपडे व बूट वेगळे ठेवावेत, तळघर ओल्या फडक्याने पुसावे, झाडू मारू नये, आणि मुलाची रक्ततपासणी याच आठवड्यात करावी. हे मी कळकळीने सांगतो आहे.

रानसोबती :
दहा दिवसांनी लिहितो आहे. मुलाची तपासणी झाली, पातळी ३.५ च्या खाली आहे, तरी सहा महिन्यांनी पुन्हा करणार आहोत. काम आता अंगणाच्या टोकाला नेले आहे. चाकाची वजने, साबणाचे गरम पाणी आणि अर्धा इंच एवढ्याने शेपट्या जवळजवळ गेल्या. तिरक्या काचेवर सोडल्यावर गोल छर्रे सरळ घरंगळतात आणि वाकडे बाजूला जातात, त्यामुळे निवडणेही सोपे झाले. मात्र मोजले तर ते साडेसात नंबरच्या आसपासचे, म्हणजे ०.०९५ इंचाचे भरतात. सहा नंबर ०.११ इंचाचा हवा. तोटीचे भोक मोठे करू का?

ओतशाळा :
भोक मोठे केले, की धार लागते आणि थेंब जड होऊन पुन्हा चपटा होतो. एकच तोटी किंचित मोठी करून पाहा. बाकीच्या तशाच राहू द्या. या हंगामात सहा नंबर विकत घ्यावेत, येथे हिशेबींचे म्हणणे बरोबर आहे.

रानसोबती :
ठीक आहे. शेवटचा प्रश्न : ओले बिघडलेले छर्रे लवकर कसे वाळवावेत? ओव्हनमध्ये ठेवले तर चालतील का?

बालरोग :
स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये मुळीच नाही.

ओतशाळा :
जुन्या पत्र्यावर पसरून दोन दिवस उन्हात ठेवा. आणि वाळलेले छर्रे भांडे तापवण्यापूर्वी, ते थंड असतानाच त्याच्या तळाशी घाला.