मदत हवी आहे: घोडीचा दम लवकर तुटतो

राजेहो, कोणी घोडे पाळणारं असेल तर सांगा. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला. सात वर्षांची घोडी आहे, लग्नसराईत वरातीला जाते, बाकी दिवस दावणीलाच. पोळ्यानंतर तिला रपेटीची सवय लावतोय.

दुडकी चाल अर्धा तास आरामात. पण चौखूर काढली की दोन-तीन मिनिटांत नाकपुड्या फुगतात, पाय जड पडतात. उभी असताना नाडी मिनिटाला 38 (जबड्याखाली बोटं लावून मोजतो). पळून आल्यावर 15 मिनिटांनीही 80 च्या खाली येत नाही. आमचे बुवा म्हणतात नजर लागली. लिंबू-मिरची बांधून झाली, नाडी काही उतरली नाही!

वाचलं ते असं की दुडकीत प्राणवायू पुरतो, चरबी अन् साखर सावकाश जळते. नाडी 150 ते 180 च्या पुढे गेली की तो कमी पडू लागतो, मग स्नायू प्राणवायूविनाच साखर मोडतात आणि लॅक्टिक आम्ल साचतं. त्यात घोडा तोंडानं श्वास घेत नाही, अन् चौखूर धावताना एका झेपेला एकच श्वास! प्लीहेत (पोटातला एक अवयव) साठवलेल्या तांबड्या पेशी धावताना रक्तात उतरतात म्हणे, तरी हिला का पुरत नाही?

हे नुसतं सरावाचं काम आहे, की फुप्फुस-हृदय तपासून घ्यावं? चौखूर काढण्याआधी किती आठवडे नुसती दुडकी द्यायची? आणि रोजचा चणा विसाव्याच्या दिवशी कमी करावा का? तसाच ठेवला तर दुसऱ्या दिवशी कामाला काढल्यावर पुठ्ठे आखडतात, असं ऐकलंय.