मदत हवी आहे: आईच्या फोनवर 'सिस्टीम अपडेट'ची दोन नोटिफिकेशनं, खरं कुठलं आणि खोटं कुठलं?

नमस्कार, जरा मोठं होणार आहे पण अर्धवट सांगितलं तर परत सगळे प्रश्न विचारावे लागतील तुम्हाला म्हणून सगळं एकदाच लिहिते.

आई बार्शीला असते, ६८ वर्षांची, झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती. मी पुण्यात. तिचा फोन सॅमसंगचा ए सिरीजमधला आहे, तीन वर्षांपूर्वी मीच घेऊन दिलेला. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज त्याच नंबरवर येतो, यूपीआय त्यातच, गॅस बुकिंग त्यातच, थोडक्यात त्या फोनला काही झालं तर घरातलं सगळं अडतं. शुक्रवारी संध्याकाळी तिचा फोन आला, "अगं हा सारखा अपडेट मागतोय, दाबू का?" मी मीटिंगमध्ये होते, पटकन म्हटलं नको, काही दाबू नकोस, आले की बघते. तर म्हणाली, "तू दिवाळीत पण हेच म्हणालीस, तेव्हापासून येतंय ते."

हे ऐकून मी जरा दचकलेच. दिवाळीपासून?

मग मीटिंग संपल्यावर बाबांच्या फोनवरून व्हिडिओ कॉल करायला लावला आणि तिचा फोन त्यांच्या कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितला. ट्यूबलाइटचा उजेड स्क्रीनवर पडत होता, बाबांचा हात हलत होता, काहीच वाचता येत नव्हतं. शेवटी तीच म्हणाली थांब मी भिंग आणते, आणि कॅलेंडरवरच्या तिथी वाचायचं भिंग आणून एकेक अक्षर वाचून दाखवलं मला, एस वाय एस टी ई एम असं. तेव्हा कळलं की नोटिफिकेशन एक नाहीये, दोन आहेत.

पहिलं: साधं, सॉफ्टवेअर अपडेट आहे, इन्स्टॉल करा किंवा नंतर करा, एवढंच. हे दिवाळीपासूनचं.

दुसरं: चार-पाच दिवसांपासूनचं. लाल त्रिकोण, तुमची सिस्टीम जुनी झाली आहे, फोनमध्ये ३ व्हायरस सापडले, आत्ता अपडेट करा नाहीतर सिमकार्ड खराब होईल. आणि हे दिवसातून सात-आठ वेळा येतं.

आता दुसरं खोटं वाटतंय हे मलाही कळतंय. अपडेट केलं नाही म्हणून सिमकार्ड खराब होत नाही, आणि कंपनी अपडेट देताना धमकी देत नाही. पण पहिलं खरं आहे हे कशावरून म्हणायचं? साधं दिसतं एवढ्यावरून विश्वास ठेवायचा का? मी रात्री शोधत बसले तर वाचलं की मार्च २०२१ मध्ये झिम्पेरियम नावाच्या मोबाईल सिक्युरिटी कंपनीला असं एक अ‍ॅप सापडलं होतं ज्याचं नावच 'सिस्टीम अपडेट' होतं, प्ले स्टोअरच्या बाहेरून फोनमध्ये शिरायचं, मेसेज, फोटो, लोकेशन सगळं पळवायचं, आणि काम करताना वर नोटिफिकेशन काय दाखवायचं तर 'अपडेट शोधत आहे'. हे वाचून झोपच उडाली.

त्यात आईने दबक्या आवाजात अजून एक सांगितलं. "परवा ते लाल चुकून दाबलं गेलं गं, मग काहीतरी उतरलं खाली, मी लगेच बंद केलं." तिला वाटलं मी ओरडेन. नाही ओरडले, पण पोटात गोळा आला. वायफाय आणि डेटा दोन्ही बंद करायला सांगितलं आणि म्हटलं की मी येईपर्यंत यूपीआयला हात लावू नकोस. आजकाल व्हॉट्सअ‍ॅपवर आरटीओ चलन म्हणून, लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइली (प्ले स्टोअरशिवाय अ‍ॅप बसवायच्या फाइली) येतात आणि उघडून बसवल्या की खाती रिकामी होऊ शकतात, त्यामुळे 'काहीतरी उतरलं' हे ऐकल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही.

तर माझे प्रश्न:
खरं अपडेट आणि खोटं अपडेट ओळखायची खात्रीची पद्धत कुठली, जी आईला एकटीला जमेल?
उतरलेली फाइल नुसती उतरली आहे की इन्स्टॉल पण झाली आहे, हे कसं बघायचं?
फॅक्टरी रीसेट (फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करणं) करायलाच पाहिजे का? तिचे सगळे फोटो आहेत त्यात, बॅकअप कधी घेतलेला नाही.

अपडेट, रविवार रात्र

ज्यांनी उत्तरं दिली त्यांचे मनापासून आभार. शनिवारी सकाळच्या एसटीने बार्शीला आले. काय काय सापडलं ते लिहिते, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल.

लाल नोटिफिकेशनवर बोट दाबून धरलं (नुसतं टॅप नाही, दाबून धरायचं), तर कुठल्या अ‍ॅपने पाठवलं ते दिसतं. क्रोम! म्हणजे फोनच्या सिस्टीमचा काही संबंधच नाही. वर बारीक करड्या अक्षरात क्रोम आणि त्यापुढे कुठल्यातरी वेबसाइटचं लांबलचक नाव होतं, आईने भिंगाने वाचलं तेव्हा ती ओळ सोडून दिली होती कारण ती तिला महत्त्वाची वाटली नाही. खरं तर सगळा उलगडा त्याच ओळीत होता. कुठल्यातरी साइटवर उपवासाच्या रेसिपी वाचताना नोटिफिकेशन पाठवू का असं विचारलं, तिने अलाउ केलं कारण तिला वाटलं त्याशिवाय पान उघडणार नाही. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स बघितलं तर अशा अकरा साइट निघाल्या. सगळ्या बंद केल्या. तेव्हापासून ते लाल एकदाही आलेलं नाही.

उतरलेली फाइल डाउनलोड्समध्येच पडून होती, ६ एमबीची, शेवटी डॉट एपीके. इथे एक गोष्ट लक्षात आली. खरं अपडेट नोटिफिकेशनमधून फाइल म्हणून डाउनलोड्समध्ये कधी पडत नाही, फोनची सिस्टीम ते स्वतः उतरवते, त्यावरची कंपनीची डिजिटल सही तपासते आणि मगच बसवते. आईचं खरं अपडेट ४०० एमबीच्या वर होतं.

इन्स्टॉल झालेलं नव्हतं, देवाची कृपा. सेटिंगमध्ये वरच्या सर्चमध्ये 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स' टाकलं तर क्रोम, व्हॉट्सअ‍ॅप, माय फाइल्स सगळ्यांपुढे परवानगी बंद. म्हणजे आईने दाबल्यावर फोनने अडवलं असणार आणि तिने घाबरून बंद केलं, तिथेच वाचलो. तरी अ‍ॅपची पूर्ण यादी बघितली, अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये आणि डिव्हाइस अ‍ॅडमिनमध्ये अनोळखी काही आहे का बघितलं (फोनवर ताबा देणाऱ्या परवानग्या तिथे असतात), प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्टचं (धोकादायक अ‍ॅप शोधणारी गूगलची सोय) स्कॅन केलं. काही नाही. फाइल उडवली. बँकेत फोन करून मागच्या आठवड्याचे व्यवहार पण तपासले, सगळे ठीक. पैसे गेले असते तर १९३० वर (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) ताबडतोब फोन करायचा, हा नंबर आता आईच्या फोनमध्ये सेव्ह आहे आणि फ्रिजवर पण चिकटवलाय.

आता पहिलं नोटिफिकेशन. ते खरं होतं. नोटिफिकेशनला हातच लावला नाही, सेटिंग, सॉफ्टवेअर अपडेट, डाउनलोड अँड इन्स्टॉल असं स्वतः गेलो तर तिथेही तेच अपडेट. अबाउट फोनमध्ये सॉफ्टवेअर इन्फर्मेशनखाली सिक्युरिटी पॅचची तारीख बघितली तर आठ महिन्यांपूर्वीची! आठ महिने तिचा फोन खरं अपडेट मागत होता आणि मी दरवेळी दाबू नकोस म्हणत होते. ज्या त्रुटी या पॅचमध्ये बुजवलेल्या असतात त्याच त्रुटींतून लोक आत शिरतात, म्हणजे तिला वाचवतेय असं समजून मीच दार उघडं ठेवलं होतं. हे मला जास्त लागलं. शेजारच्या काकूंचं पण तेच, २०२५ च्या ऑगस्टमध्ये गूगलने फोन अ‍ॅपचं डिझाइन बदललं तेव्हा त्यांच्या फोनचा डायलर रातोरात वेगळा दिसायला लागला, व्हॉट्सअ‍ॅपवर हॅक झाल्याची अफवा फिरली आणि त्यांच्या मुलाने घाबरून सगळी अपडेटच बंद करून टाकली. अजून बंदच आहेत.

आईचं अपडेट रात्री चार्जिंगला लावून वायफायवर केलं. आता तिने हिशोबाच्या वहीत शेवटच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय: "अपडेट आले असे दिसले तर तिथे दाबू नये. सेटिंगचे चक्र उघडावे. खालच्या बाजूला सॉफ्टवेअर अपडेट. तिथे असेल तरच खरे." आज दुपारी मला न विचारता एकटीने उघडून दाखवलं. ऑटो ब्लॉकर पण चालू केलंय, म्हणजे बाहेरून एपीके बसणारच नाही.

राहिला एक प्रश्न, आणि यासाठीच परत लिहितेय. हे सगळं करताना बाबांचा फोन पण बघितला, दुसऱ्या कंपनीचा, सहा वर्षं जुना. त्यात अपडेट तपासलं तर लिहून येतं 'तुमचा फोन अप टू डेट आहे', पण सिक्युरिटी पॅच २०२२ चा. म्हणजे कंपनीने अपडेट देणं बंद केलंय आणि नवीन काही नाही म्हणून तो तसं म्हणतोय, बरोबर ना? बाबा म्हणतात फोन चांगला चाललाय, कशाला बदलायचा. कॉल आणि भजनं ऐकायला राहू दे, पण यूपीआय आणि बँकेचं अ‍ॅप काढून आईच्या फोनवरच ठेवावं असं मला वाटतंय. एवढं पुरेल का, की सिमकार्ड त्या फोनमध्ये असल्यामुळे ओटीपीचा धोका राहतोच? बाबांच्या खात्याचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. मी मंगळवारी सकाळी परत निघतेय, त्याआधी कोणी सांगितलं तर इथे असतानाच करून टाकते.