पाईपला टेकतो तिथंच कागद का फाटतो?

ढोबळीवाला (तासगाव):
पॉलीहाउसला २०० मायक्रॉनचा, ऊन सोसणारा यूव्हीवाला प्लास्टिकचा कागद आहे. मधला भाग अजून मऊ, ओढला तर ताणतो. पण कमानीच्या पाईपावर टेकलाय तिथं पट्टाभर पिवळसर आणि कडक झालाय. वारं सुटलं की तिथूनच चिरतो. दुकानदार म्हणतो, घासून गेला. घासला असता तर पातळ झाला असता ना? हा तर पापडासारखा मोडतोय. लोखंडाला लागून प्लास्टिक खराब होतं का?

फॅब्रिकेशनवाला (मिरज):
होतं की! घासलेला कागद धूसर होऊन विरतो, तुमचं दुखणं वेगळं आहे. उन्हात जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप चटका बसेल असा तापतो, त्यावर कागद ताणून बसवलेला. त्या उष्णतेनं पॉलिथिनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पेरॉक्साइड बनतात. एरवी ती सावकाश फुटतात. लोखंडाचा किंवा तांब्याचा अंश लागला की भराभर फुटतात, त्यातून रॅडिकल, म्हणजे लगेच दुसऱ्याला धरणारे अर्धवट रेणू सुटतात आणि प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटत जातात. धातू यात संपत नाही, त्यामुळं थोडा गंजही बास होतो.

जस्ताचा थर शाबूत असेल तर दोष मुख्यतः उष्णतेचा. पण वेल्डिंगला जस्त जळतं, तिथं गंज धरतो. आधी कुठं फाटला, सांध्यापाशी का?

ढोबळीवाला:
आत्ताच शिडी लावून बघितलं. सांध्यावर तपकिरी डाग उमटलाय, पहिली चीर तिथंच.

बागायतदार (पलूस):
भाऊ, भुरी रोगाला गंधक मारता का? गंधकातून तयार होणारं आम्ल कागदातलं यूव्ही स्टॅबिलायझर, म्हणजे उन्हापासून वाचवणारं रसायन निकामी करतं. आणि मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या औषधाचं पाणी कागदावर उडू देऊ नका, या कामात तांबं लोखंडापेक्षा वाईट.

फॅब्रिकेशनवाला:
बरोबर बोलले. तांब्याच्या तारेवर पॉलिथिनचं वेष्टण असतं ना, त्यात धातूला बांधून ठेवणारं रसायन मुद्दाम घालतात. शेतीच्या कागदात ते असेल असं धरून चालू नका.

आता सांधे तारेच्या ब्रशनं घासा, झिंक प्रायमर मारा. कागद टेकतो तेवढ्या पाईपाला पाण्यातला पांढरा ॲक्रिलिक रंग द्या, ऑइलपेंट नको. खडखडीत वाळल्यावरच कागद चढवा. पाईपाला पीव्हीसीची टेप गुंडाळायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका, त्यातलं क्लोरीन परत कागदालाच बाधतं.

जुन्या कागदाचे दोन तुकडे पुराव्याला कापून ठेवा, एक मधला, एक पाईपावरचा. आणि दुकानदाराशी भांडायच्या आधी वॉरंटीत पाईप रंगवायची अट आहे का ते वाचा.