खानदेशात शेवभाजीशिवाय खायला काही नाही, हे कुणी ठरवलं?

तापीकाठची

परवा 'वाटसरू' यांनी त्यांच्या खानदेश सहलीबद्दल लिहिलं. मे महिन्यात पाच दिवस, अजिंठा, जळगाव, धुळे, तोरणमाळ. शेवटचं वाक्य जसंच्या तसं देते: "शेवभाजी सोडली तर खानदेशाला स्वतःचं असं खाणं नाही. असतं तर कोल्हापूर-मालवणसारखं आपोआप सापडलं असतं." तिथे प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

आपोआप कसं सापडेल? पाचही दिवस कुठे जेवलात ते तुम्हीच लिहिलंय. हायवेवरचे ढाबे आणि लॉजखालची हॉटेलं. काजू करी, पनीर मसाला, दाल तडका. हेच कार्ड सोलापूर रोडला आहे, नागपूर रोडलाही आहे. त्यावरून एका अख्ख्या मुलखाच्या चुलीबद्दल निकाल द्यायचा?

भरीत मागितलंत आणि "नेहमीसारखंच" निघालं म्हणता. अहो, मे महिन्यात भरीत मागितलंच का? भरिताची वांगी हिवाळ्याची. हिरवट-पांढरी, हातभर नसली तरी वीतभर तरी असतात, आत बिया कमी. असोदा, बामणोदकडची वांगी लोक नाव घेऊन मागतात. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही. आणि ती गॅसवर भाजत नाहीत. आमच्या भावाच्या शेतात कपाशी निघाली की काड्या रचून ठेवतात, त्यांच्या जाळात वांगी टाकायची. काड्या तडतडतात, साल काळी होऊन फाटते, आतून वाफ फुसफुसते. गरम असतानाच सोलायची, बोटं भाजतात, तोंडाने फुंकर मारत सोलायची. मग लाकडाच्या बडगीत घालून ठेचायची, वाटायची नाहीत. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, तेलात तळलेले शेंगदाणे. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी किंवा पुरी. वीस-पंचवीस माणसं शेतात बसून खातात. जळगाव शहरात तर हिवाळ्यात भरीत किलोवर मिळतं. डबा घेऊन जायचं, भरून आणायचं.

मेमध्ये आलात तर मेचं मागा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत इथे खापरावरची पुरणपोळी आणि आमरस असतो. तिला मांडेही म्हणतात. आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर करून देणाऱ्या बायका आहेत, बचत गट आहेत. लॉजवाल्याला विचारलं असतं तरी त्याने फोन करून दिला असता. विचारलंत का?

वाटसरू

शांतपणे लिहितो. माझ्यासोबत दोन लहान मुलं आणि सासूबाई होत्या. बाहेर त्रेचाळीस अंश. अशा वेळी माणूस जिथे सावली, पाणी आणि स्वच्छ बाथरूम आहे तिथेच थांबतो. आदल्या दिवशी फोन करून ऑर्डर द्यायला मी लग्नाला आलो नव्हतो.

कोल्हापुरात कुठल्याही दिवशी, कुठल्याही गल्लीत शिरा, तांबडा-पांढरा मिळतो. मालवणात बांगडा आणि सोलकढी मिळते. तिथल्या लोकांनी आपलं खाणं पाहुण्यापुढे मांडलंय. तुम्ही ते घरात ठेवलंय आणि पाहुण्याला सापडलं नाही म्हणून रागावताय. जळगावात एका हॉटेलात मी स्वतः वेटरला विचारलं, "इथलं खास काय?" तो म्हणाला, "सर, चायनीज चांगलं आहे." यात माझी काय चूक?

सातपुडा पायथा

दोघांचीही चूक आहे, आणि तीच चूक आहे. खानदेश म्हटलं की जळगाव, जळगाव म्हटलं की भरीत. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, तेव्हापासून पश्चिमेकडचे आम्ही कुणाच्या खिजगणतीत नाही. वाटसरू, तुम्ही तोरणमाळला गेलात ना? मग शहाद्यावरून वर चढलात. मे महिन्यात. धडगाव, मोलगीकडे त्या दिवसांत घराघरापुढे कैऱ्यांच्या फोडी वाळत पडलेल्या असतात. सोलून, चिरून, उन्हात. जवळ गेलं तर आंबट वासाने तोंडाला पाणी सुटतं. तो आमचूर. तिथल्या आदिवासी कुटुंबांचं उन्हाळ्याचं मोठं काम तेच. गाडीची काच खाली केली असती तर वासानेच कळलं असतं. आणि तापीकाठच्या ताई, तुम्ही एवढं लांब लिहिलंत, त्यात नंदुरबार हा शब्द एकदाही नाही.

भुसावळकर, मुक्काम डोंबिवली

ताई, बाकी सगळं मान्य, पण भरितात टोमॅटो राहिला. माझी आई भुसावळची, ती पात, मिरची, लसूण आणि एक टोमॅटो घालते. त्याशिवाय भरीत कोरडं लागतं.

तापीकाठची

टोमॅटो? खानदेशी भरितात? भो, असं लिहू नका, लोक खरं मानतील. टोमॅटो घातला की भाजल्याचा वास मरतो आणि भाजी होते. आमच्या चार पिढ्यांत कुणी घातला नाही.

भुसावळकर, मुक्काम डोंबिवली

माझ्या आईला खानदेशी भरीत येत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला? ती रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढली, तिच्या हातचं भरीत खायला अख्खी लाइन यायची. चार पिढ्यांचा दाखला माझ्याकडेही आहे.

कृष्णाकाठ

मध्ये बोलतो म्हणून राग नको. सांगलीकडे कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत आम्ही दही घालून करतो, वरून कच्चा कांदा आणि कोथिंबीर. भरीत म्हणजे भाजून कुस्करलेलं वांगं, एवढंच. त्यावर जळगावचा सातबारा कधीपासून चढला?

तापीकाठची

दही घालून होतं ते रायतं. चांगलं लागतं, मी सांगलीत खाल्लंय, नावं ठेवत नाही. पण त्याला खानदेशी भरीत म्हणून कुणी विकू नये, एवढंच माझं म्हणणं. तुमची वांगी वेगळी, आमची वेगळी. तुमच्या वांग्याला दही चालतं, कारण ते गोडसर आहे.

कृष्णाकाठ

रायतं हा शब्द मागे घ्या. माझी आजी नदीच्या मळीत वांगी लावायची. पहिली पाटी निघाली की त्या दिवशी भरीत-भाकरीच, दुसरं काही नाही. सकाळी विरजण काढतानाच ती दही बाजूला ठेवायची. त्या जेवणाला तुम्ही तोंडीलावणं म्हणताय.

तापीकाठची

शब्द मागे घेते. आजीबद्दल बोलायचं नव्हतं. पण टोमॅटोवर माझं मत बदलणार नाही.

गंगावेस

वाटसरू, कोल्हापूरचं नाव दोनदा घेतलंत म्हणून मी आलो. तुम्हाला "आपोआप सापडलं" ते पाहुण्यांसाठी मांडलेलं ताट आहे. चांगलं असेल, मी त्याला खोटं म्हणत नाही. पण आमच्या घरी तांबडा-पांढरा रोज शिजत नाही, तो रविवारचा किंवा पाहुणे आल्यावरचा. तुम्ही संध्याकाळी गंगावेशीत उभे राहिलात का? कट्ट्यावर म्हशी आणून बांधतात, समोर धार काढतात, पेल्यात फेस असतानाच दूध हातात देतात. दूध कोमट लागतं, म्हशीच्या अंगासारखं. माझे वडील तालमीतून आले की तिथे थांबायचे. घराघरात खर्डा-भाकरी, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, त्याचा भात शिजला की शेजारच्या घरात वास जातो. हे तुम्हाला सापडलं का? नाही ना? मग कोल्हापूर तुम्हाला सापडलं असं का समजता?

मला याचीच भीती वाटते. एकदा ताट ठरलं की सगळे तेच वाढतात. आमच्याकडे कितीतरी ठिकाणी आता पांढरा रस्सा नुसता दाट आणि गुळगुळीत झालाय, मटणाच्या पाण्याची चवच लागत नाही. तापीकाठच्या ताई, भरिताचं असं होऊ देऊ नका.

चुलीपुढची

मी इतका वेळ वाचत होते. आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सगळे म्हणताय, खरं खाणं घरात आहे, घरी विचारा, आदल्या दिवशी सांगा. त्या घरात ते करतं कोण? माझं माहेर अमळनेरकडचं. आखाजीला घरात खापराच्या पोळ्या व्हायच्या. गहू आधी ओलवून, सुकवून, दळून, पीठ वस्त्रगाळ करायचं. पुरण शिजवून पाट्यावर वाटायचं. कणीक इतकी सैल की हातात ठरत नाही, ती आपटून आपटून तिला तार आणायची. मग पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायचा आणि उलट्या खापरावर टाकायचा. खाली चूल पेटलेली, वर एप्रिल-मेचं ऊन. माझ्या आईच्या दोन्ही हातांवर मनगटापासून वर डाग होते. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच आयांना असतात.

आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण, माहेरी यायचं, झोक्यावर बसायचं, गाणी म्हणायची. मी झोक्यावर होते तेव्हा माझी वहिनी खापरापुढे होती. ती कुणाच्या झोक्यावर होती? तिच्या माहेरी ती चार-चार वर्षं गेली नव्हती. हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

त्यामुळे पाहुण्याला "घरचं खरं खाणं" हवं असेल तर त्याने त्याचे पैसे मोजावेत, आणि हॉटेलात पनीरला मोजतो त्यापेक्षा जास्त मोजावेत. आमच्याकडे एका ओळखीच्यांकडे शहरातले पाहुणे आले. पोळ्या खाल्ल्या, फोटो काढले, "एवढ्याशा पोळीला इतके पैसे?" म्हणून घासाघीस केली. ती पोळी त्या बाईच्या कोपरापर्यंत आली होती.

वाटसरू

हे मला माहीत नव्हतं. पोळी हातावर करतात एवढंच ऐकलं होतं. मांड्यांसारखी गोष्ट कार्डावर का नसते, याचं उत्तर मिळालं.

तापीकाठची

चुलीपुढच्या ताई, मी वर "करून देणाऱ्या बायका आहेत" असं एका वाक्यात उरकलं. तसं लिहायला नको होतं. पण एक सांगते. आमच्या गल्लीतल्या दोघी आता ऑर्डरीवरच घर चालवतात. आधी घरच्यांसाठी फुकट करायच्या, आता दर ठरवून करतात, आणि कमी म्हणणाऱ्याला परत पाठवतात. म्हणून मी म्हणते, मागा. मागितलंच नाही तर त्या विकणार कुणाला?

चुलीपुढची

दर त्यांचा असेल तर माझं काही म्हणणं नाही. पाहुण्याला खूश करायला सासऱ्याने परस्पर ऑर्डर घेतलेली असेल तर आहे.

वाटसरू

"खानदेशाला स्वतःचं असं खाणं नाही" हे वाक्य मागे घेतो. पोस्टमध्येही तशी दुरुस्ती केली आहे. पण हॉटेलवाल्यांबद्दल जे लिहिलं ते तसंच राहील. ज्याच्या दारात अजिंठ्याला जाणारा माणूस रोज उतरतो, त्याच्या वेटरला गावातलं एक नाव सांगता येऊ नये, हे मला पटत नाही. कार्डाच्या तळाला एक ओळ लिहायला काय हरकत आहे? हिवाळ्यात भरीत, आखाजीला मांडे, आदल्या दिवशी सांगा.

तापीकाठची

ही ओळ हवी. एवढं तुमचं बरोबर आहे. डिसेंबरात या, कळण्याच्या पुऱ्या मी करते.

भुसावळकर, मुक्काम डोंबिवली

आईला फोन केला होता. तिने सांगितलं, भुसावळला असताना तिने टोमॅटो कधीच घातला नाही. डोंबिवलीत आल्यावर बाजारात जांभळी वांगी मिळायची, पाणचट, गॅसवर भाजली की नुसती मऊ व्हायची. चव येईना म्हणून तिने टोमॅटो घालायला सुरुवात केली. मी तेच खात मोठा झालो. मला वाटत होतं तेच आमच्या गावचं.

तुम्ही बरोबर होता, ताई. तरी आईचं भरीत मला आवडतं ते टोमॅटोचंच.

सातपुडा पायथा

इतके प्रतिसाद झाले, त्यातले कितीतरी एका टोमॅटोवर. मी आमचूर लिहिला, त्यावर एकाही माणसाने एक प्रश्न विचारला नाही. नंदुरबारला १९९८ साली जिल्हा मिळाला, पण खाण्याच्या गप्पांत आम्ही अजून कुणाच्या तरी शेपटाला बांधलेले.

वाटसरू, डिसेंबरात जळगावला याल तर पुढे नंदुरबारपर्यंत या. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या असतात. मोकळ्या रानात नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत घातलेली, त्यात बाया डोक्याला, नाकाला फडकं बांधून देठं खुडत बसलेल्या. पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला ठसका लागेल. मुलांना गाडीत बसवा. मग घरी या. दादर ज्वारीची भाकरी, त्या मिरचीचा ठेचा आणि आमचूर घातलेली डाळ, बस्स, एवढंच असेल. वहिनींच्या हातचं नसेल, मी करतो. आमच्या अहिराणीत "बठा" म्हणेन, "जेवाले वाढस". बसा, जेवायला वाढतो.